अण्णांचा हात जड नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तेही मला नीट सांगता येणार नाही.

वडील बेंगळुरात, चिकपेटमध्ये कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही इंजिनिअरिंगची. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. नव्वदच्या दशकात मी बेंगळुरातल्याच एका प्रयोगशाळेत लागले. काम एकच — डिझेल इंजिनाच्या धुरातली काजळी अडवायची. त्यासाठी चिनी मातीचा, मधाच्या पोळ्यासारखा फिल्टर होता. धूर त्यातून जायचा, काजळी आत राहायची. पुढे पांढरा कागद धरायचा. तो पांढराच राहिला, तर आपण जिंकलो.

पण मला खरं काम शिकवलं ते शंकरअण्णांनी. आमचे मेकॅनिक. शिक्षण सातवी, बोलणं आमच्या घरासारखंच, कन्नड मिसळलेलं मराठी. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला म्हणायचे इंजिनिअर अक्का. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अक्का, तो पांढरा दुपट्टा घरी ठेवून ये. नाहीतर फिल्टरच्या आधी तोच काजळी धरेल."

फिल्टर बसवताना बोल्ट जास्त आवळले तरी माती तडकते. अण्णा ते हाताच्या अंदाजानं आवळायचे. किती जोर लागला ते दाखवणारा पाना कपाटात पडून असायचा. मनगटाला कळतं, म्हणायचे. आणि कळायचंच हो! त्यांच्या मागून पाना लावून मी कितीदा चोरून पाहिलं होतं.

काजळी साचली की फिल्टर तुंबतो. मग तो तापवून ती आतच जाळून टाकायची — पण वेळेवर. फार साचू दिली तर ती एकदम पेटते आणि माती तडकते. मला माहीत नव्हतं का? पुस्तकात वाचलं होतं. अण्णांनी दहादा बजावलं होतं.

त्या दिवशी दाबाचा काटा खुणेपाशी आला. अण्णा घरी निघाले होते. "पोट भरलंय त्याचं, अक्का. आता जाळून घे, मग स्वल्प कॉफी पी." मी "सरी, करते" म्हटलं. आणि ते गेल्यावर — इंजिन चालूच ठेवलं. साफ न करता सगळ्यात जास्त वेळ चाललेला फिल्टर माझ्या नावावर हवा होता. बस, एवढंच. दोन तासांनी जाळायला घेतला. आत टक् झालं. बारीकसा आवाज. मी वही उघडली आणि वेळ लिहिली — दोन तास आधीची.

दुसऱ्या दिवशी कागद काळा आला. साहेबांनी फिल्टर उघडायला लावला. आरपार तडा. वही पाहिली तर सगळं वेळेवर. मग त्यांनी विचारलं, "बोल्ट कुणी आवळले?"

मी वही मिटून ठेवली.

"मीच, सर," अण्णा म्हणाले. "हात जड पडला असेल."

साहेब ओरडले नाहीत. कुणाची नोकरी गेली नाही. पण त्या दिवसापासून अण्णा कपाटातला तो पाना काढायला लागले. एकेक बोल्ट आवळायचे आणि हाक मारायचे, "अक्का, बघ तरी." ज्या माणसाच्या मनगटावर मी शिकले, तो मला विचारायचा! आणि मी काय करायचे? वाकून बघायचे. बरोबर आहे अण्णा, म्हणायचे. चार वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतरच्या रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. काकूंना म्हणाले, "हीच ती इंजिनिअर अक्का. माझ्या हातनं तिचा एवढा महागाचा फिल्टर फुटला, पण पोरीनं मला कधी एका शब्दानं दुखवलं नाही."

काकूंनी माझ्या पानात आणखी एक होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढली, वर तूप सोडलं.

मी ती खाल्ली.