चादरीचं दुसरं टोक

आमच्या वॉर्डात एक नेम होता. पेशंट गेला, की ज्या सिस्टरनं त्याचं केलं तिनंच ती खाट पुन्हा लावायची. इन्चार्ज बाईंनी घालून दिलेला. "नुसती बसली तर खचून जाशील," म्हणायच्या. मला तेव्हा ही बाई दगडाची वाटायची.

सत्तरच्या दशकातला नागपूरचा मे महिना. भिवापूरकडची एक पोरगी, हृदयाची झडप खराब झालेली, होळीपासून माझ्याकडे होती. तिची माय खाटेजवळ खालीच झोपायची. रोज सकाळी आम्ही दोघी मिळून चादर घालायचो. पोरगी खुर्चीत बसून चिडवायची, "माय, तुहं टोक वाकडं झालं." जीव लावला होता मी तिला, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी सकाळी ती गेली. मी आधी रडले, मग भडकले. इन्चार्ज बाईंना तोंडावर सांगितलं, "मी नाही लावत खाट. उद्यापासून येतही नाही. मले नाही जमत हे." त्यांनी धुतलेली चादर खाटेवर ठेवली अन् गेल्या.

दुपारी ऊन लागलेली एक म्हातारी आणली. अंग नुसतं भाजत होतं. दुसरी खाट रिकामी नव्हती, म्हणून तिला खालीच निजवून आम्ही ओल्या फडक्यांनी पुसत होतो. पोरीच्या खाटेवर चादर तशीच घडी घातलेली. माझा हात काही तिकडे जाईना.

पोरीला गावी न्यायला गाडी यायची होती, म्हणून तिची माय व्हरांड्यात बसून होती. ती उठून आत आली.

"काहून वं बाई, म्हातारीले भुईवर काहून ठेवलं?"

तिनं चादर उचलली, झटकली, अन् रोजच्यासारखी पायथ्याशी उभी राहिली. दुसरं टोक माझ्यापुढे केलं.

"धर. लवकर लावू."

मी धरलं. तिचं टोक वाकडंच पडलं. तिनं ते पाहिलं, उचललं, नीट सरळ खोचलं, अन् मग खाटेची दांडी धरून रडली. मीही रडले. म्हातारीला आम्हीच उचलून वर ठेवलं.

संध्याकाळी म्हातारी घोट घोट पाणी प्यायली, अन् उशी टणक आहे म्हणून कुरकुरली. गाडी तोवर भिवापूरला निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या आधीच वॉर्डात पोचले. म्हातारीची चादर बदलायची होती.