एका नंबरावर दोघं

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदणीच्या बाईंना एक खोड होती: काम संपलं की मोजायचं. घरी वाळलेले कपडेसुद्धा त्या मोजून आत आणायच्या आणि लेक त्यावरून त्यांची टिंगल करायची. त्याच लेकीच्या मागे लागून बाई चोपन्नाव्या वर्षी कॉम्प्युटरला कामं सांगणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहायला शिकल्या.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थांबलेल्यांची यादी एका साध्या फाइलमध्ये होती. एका ओळीत एक माणूस: फोन नंबर, नाव, कुठला डोळा, नोंदणीची तारीख, मध्ये स्वल्पविराम. बाईंची स्क्रिप्ट प्रत्येक ओळ स्वल्पविरामापाशी तोडायची, फोन नंबर खूण म्हणून घ्यायची आणि बाकीचा मजकूर त्या खुणेला जोडून ठेवायची. नंबर टाकला की माणूस हजर. डॉक्टर खूश झाले, बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन महिने बोलावणी त्यातूनच जात होती.

त्या कौतुकात मोजायचं तेवढं राहिलं. मोजलं ते आज. फाइलमध्ये ओळी सहाशे बारा, स्क्रिप्टकडे नंबर-माणूस अशा जोड्या पाचशे शहाण्णव. सोळा माणसं गेली कुठे? स्क्रिप्ट तर एकदाही कुरकुरली नव्हती.

कारण सापडलं तेव्हा बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. नवरा-बायको एकच नंबर देतात, हे खिडकीत बसून तीस वर्षं त्यांनीच लिहून घेतलं होतं. त्याच नंबराची दुसरी ओळ आली की पहिली निमूट पुसली जायची. म्हणजे ज्याने आधी नाव घातलं, नेमका तोच गळायचा.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती: एका नंबराखाली येतील तितकी माणसं ठेवायची. कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाईंना ते पचेना. डॉक्टरांना सगळं सांगून त्या सोळा फोन स्वतःच करायला बसल्या.

पहिला फोन एका आजींनी उचलला. त्यांनी नाव घातलं होतं वर्षभर आधी, आणि ऑपरेशन झालं होतं आजोबांचं. मग विचारायला का नाही आलात, असं बाईंनी विचारलं.

"यांना आधी बोलावलंत, तेव्हा वाटलं, माझा डोळा कामातून गेला असणार, म्हणून नाव काढलं," आजी म्हणाल्या. "मी मन घट्ट केलं होतं हो."

बाईंनी आजींचं नाव सोमवारच्या यादीत लिहिलं. "तुमचा डोळा नाही आजी, माझं काम चुकलं. सोमवारी या."