मेटल अंकल

यातलं अर्धं आता कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. उरलेलं अर्धं मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. देवापुढे हात जोडले की तो विषय मनात यायच्या आत मी पटकन आरती सुरू करतो. आज तुम्हाला सांगतोय. आणि गंमत बघा, अजून मुद्द्याला हातही घातला नाही तोच मला हलकं वाटायला लागलंय! असा आहे मी. स्वतःचे लाड करण्यात पटाईत.

विलासपासून सुरुवात करतो. नाही — आधी माझ्यापासून. मी इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन. आणि मंडळाचा गायक; पेटीही वाजवतो. दिवाळीच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये शेवटचं भावगीत कुणाचं? माझं. पांढरा झब्बा, खांद्यावर शाल, डोळे मिटलेले. लोक टाळ्या वाजवायचे, आणि मी "छे हो, कसलं काय" म्हणत आतून फुलायचो. परदेशात तेवढ्यावर माणूस वर्ष काढतो. हसू नका.

विलास कुडाळकडचा. माझ्याच डिपार्टमेंटला लागला आणि अब्बासिया भागातल्या माझ्याच खोलीत राहायला आला. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. पोरगा लाजाळू इतका, की पेशंटला "श्वास रोखा" सांगतानाही सॉरी म्हणायचा. एका शुक्रवारी सकाळी मी अंथरुणात लोळत होतो आणि तो स्वयंपाकघरात खोबरं खवता खवता अभंग गात होता. वडिलांनी शिकवलेला, गावच्या भजनातला. मी ताडकन उठून बसलो. तेव्हा मला काय वाटलं — ते सांगतो, पण आत्ता नाही. जरा धीर गोळा करू द्या.

त्याच सुमारास एका फिलिपिनो सहकाऱ्यानं आम्हाला एक जपानी विनोदी सिनेमा दिला. खाली इंग्रजी अक्षरं. एक भोळाभाबडा मुलगा, त्याला गायची असतात गोड गोड गाणी, आणि त्याला जबरदस्तीनं अडकवतात हेवी मेटलच्या बँडमध्ये. तोंडाला रंग फासून बिचारा किंचाळत असतो, आणि लोकांना तेच हवं असतं. मी हसून हसून गडाबडा लोळलो. विलासही हसला, पण मधेच म्हणाला, "अरे, कुणीतरी एकदा त्याला त्याचं गाणं म्हणू द्या ना रे."

आणि हे ऐकून मला काय सुचावं?

आमच्या मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टर सुलभाताई. त्यांच्या कानावर विलासच्या आवाजाची वार्ता गेली होती. गाण्यांची निवड माझ्याकडे, म्हणून त्यांनी मला विचारलं, यंदा त्याला घेऊया का? मी म्हणालो, "आवाज गोड आहे हो ताई, पण स्टेजवर घाबरतो. अब्बासियात एका भजनाला मधेच थांबला होता. पार शोभा झाली बिचाऱ्याची."

असं भजन कधी झालंच नव्हतं.

इकडे खोलीवर येऊन विलासला सांगितलं, कमिटी म्हणते गाणी फार झाली, लोकांना कॉमेडी हवी. त्या जपानी पोरासारखं काहीतरी करू. यंदा एवढं कर, पुढच्या वर्षी तुझा अभंग पक्का. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तू म्हणतोस तर करतो."

त्याचं तोंड मी रंगवलं. स्वतःच्या हातानं. टाल्कम पावडर, काजळ, कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचा झगा, पुठ्ठ्याची गिटार. त्यानं पहिली किंकाळी फोडली आणि लोकांनी हॉल डोक्यावर घेतला! पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. त्या गोंधळानंतर, सगळं शांत झाल्यावर, पांढऱ्या झब्ब्यात कोण आलं? मी. त्या वर्षी माझं भावगीत फारच गोड वाटलं म्हणे लोकांना. वाटणारच की.

पुढचं वर्ष आलं, त्याच्या पुढचंही. पोरांनी त्याचं नाव मेटल अंकल पाडलं आणि ते चिकटलं. अभंगाचं तो दरवर्षी विचारायचा, मग विचारेनासा झाला. कार्यक्रमानंतर कितीतरी दिवस त्याचा घसा बसायचा. ज्येष्ठमध मीच आणून द्यायचो. बघा, किती माया!

एकदा त्यानं कार्यक्रमाचा व्हिडिओ गावी पाठवला. फोन स्पीकरवर होता, त्याच्या आईचा आवाज मी ऐकला — "ह्यो माझोच झील मां? असो कित्याक बोंबलता तो?" मी फिस्सकन हसलो. विलास नाही हसला. तिला म्हणाला, "पुढच्या वर्षी गाणां म्हणतलंय गे आये." मी तिथेच बसून होतो. चहा पीत. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं की नाही मी? नाही उघडलं. बिस्किट बुडवलं आणि खाल्लं.

लग्नानंतर मी एगैला भागात राहायला गेलो. मुलगी झाली, शाळेत जायला लागली. विलास अब्बासियातच राहिला, आणि यंदा त्यानं कायमचं गावी परतायचं ठरवलं. मंडळात सगळ्यांचं एकच — जाण्याआधी शेवटचा मेटल अंकल झालाच पाहिजे! मीही मान डोलावली. हो, तेव्हाही.

मग एका दुपारी आमच्या ईराला माझ्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये तो जपानी सिनेमा सापडला. दहीभात खाता खाता बघत होती. एकदम ओरडली, "बाबा, धिस इज मेटल अंकल!" आणि थोड्या वेळानं, अगदी सहज, "बट हू इज फोर्सिंग मेटल अंकल?"

मी म्हणालो, जेव आधी. आणि सिनेमा बंद केला.

त्या आठवड्यात सुलभाताईंच्या घरी मीटिंग होती. विलास कोपऱ्यात बसून चिवडा खात होता. कार्यक्रमपत्रिका वाचायला सुरुवात झाली आणि मी मधेच बोललो. म्हणालो, विलास कुठल्याही भजनात थांबला नव्हता. ते मी रचलं होतं. आणि कमिटीनं त्याला कधी नाही म्हटलं नव्हतं, ते मी म्हटलं होतं. एवढं बोलून मी घाम पुसला. सुलभाताईंनी फक्त विचारलं, "पण का रे असं केलंस?"

मी म्हणालो, "मूर्खपणा झाला."

झालं! तिथेही मी सटकलोच. मूर्खपणा कसला? मूर्ख माणूस इतकी वर्षं इतकं नीट खोटं बोलतो होय?

तर ते उरलेलं अर्धं ऐका. त्या शुक्रवारी मी अंथरुणात ताडकन उठून बसलो, कारण स्वयंपाकघरातला तो आवाज ऐकून मला त्याच क्षणी कळलं होतं की गायक तो आहे. मी नाही. माझा फक्त झब्बा चांगला होता. माझ्या पोटात दुखलं — जळलो मी, दुसरं काही नाही. तो एकदा स्टेजवर गायला असता तर मला पुन्हा कुणी विचारलं नसतं. म्हणून मी त्याला ओरडायला लावलं. हे एवढंच होतं. सांगून टाकलं आणि हातपाय मोकळे झाल्यासारखे वाटतायत.

मीटिंगमध्ये विलासनं चिवड्याची वाटी खाली ठेवली. चिडला नाही, जवळही आला नाही. मला म्हणाला, "मग माझ्या अभंगाला पेटीवर तू बस. पट्टी खालची, पांढरी एक धर, माझी पूर्वीची काळी दोन आता झेपत नाही. आणि वरच्या सुरात अडकलो, तर पेटीनं झाकू नकोस."

यंदा मी गायलो नाही. झब्बाही कपाटातच राहिला. साध्या शर्टात पेटीवर बसलो, आणि खरं सांगतो, इतकं सुटल्यासारखं मला त्या स्टेजवर कधी वाटलं नव्हतं. समोर ईरा फोन उंच धरून बसली होती, फोनमध्ये विलासची आई. विलास अभंग गायला. धुतलेल्या तोंडानं, स्वतःच्या आवाजात. पोरंसुद्धा गप्प बसली. गाणं संपल्यावर ईरा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, ही इज सो मच बेटर दॅन यू." मी म्हणालो, हो गं बाळा.

गाण्यात मधे एकदा, अंतऱ्यात, तो वरच्या 'सा'वर गेला आणि आवाज फाटला. पूर्वी, मी त्याला ओरडायला लावायच्या आधी, तिथे तो सहज पोचायचा, खोबरं खवता खवता. माझं बोट आपोआप पेटीवरच्या त्या सुराकडे गेलं. भाता जोरात मारून तो दाबला असता, तर फाटलेला आवाज कुणाला कळलाही नसता. मी बोट मागे घेतलं. सगळ्या हॉलनं ते ऐकलं, फोनमधून त्याच्या आईनंही ऐकलं. तो सा माझ्यामुळे गेला.