क्लॅरनेटवाल्या मास्टरांचे दात

"सूर मागून. पहिले दात दाखव."

तालमीला येणाऱ्या प्रत्येकाला मास्टर असं म्हणायचे आणि मोबाइलची बत्ती लावून त्याच्या तोंडात डोकवायचे. त्यांच्या बँडची खोली आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागमध्ये, माझ्या फोटो स्टुडिओच्या अगदी समोर. तुम्ही रस्त्यानं जाताना ते पाहिलं असतं तर बँडची पाटी चुकून दातांच्या दवाखान्यावर लागली आहे, असंच वाटलं असतं. धट्टेकट्टे बाप्ये आ करून ओळीनं उभे, आणि समोर सत्तरीला टेकलेले, कृश, गंभीर मास्टर.

ढोल वाजवणारा एकदा चिडला. "मास्टर, मी ढोल हातानं वाजवतो, तोंडानं नाही."

"अन् भाकर कशानं खातो? आ कर."

बाकीचे हसले. मास्टर हसले नाहीत, कारण त्याच्या गालाच्या आत त्यांना एक पांढरा चट्टा दिसला होता. दुसऱ्याच दिवशी ते त्याला दातांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. तंबाखू सोडायला लावली, आणि प्रत्येक तपासणीला स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. चट्टा गेला. आज तो माणूस ढोलही वाजवतो आणि भाकरही खातो.

पण हे वेड मास्टरांना फार उशिरा लागलं. ते कशामुळे, हे आमच्या गल्लीबाहेर कोणाला माहीत नाही.

माझी त्यांची ओळख लग्नाच्या मांडवातली. मी फोटो काढायचो, ते वाजवायचे. शेवटच्या पंगतीत आम्ही शेजारी जेवायला बसायचो. नवरी निघाली की त्यांचं क्लॅरनेट असं काही आर्त व्हायचं, की मला डोळे पुसून पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावावा लागायचा. बुऱ्हाणपुरातच नाही, पार तुकईथडपर्यंत लोक लग्नाची तारीख काढायच्या आधी विचारायचे, "मास्टर मोकळे आहेत का?"

वाजवून झालं की ते एका बाजूला बसून क्लॅरनेटचे तुकडे वेगळे करायचे. मऊ फडक्यानं एकेक तुकडा आतून पुसायचे. अंगात ताप असो की पाय सुजलेले असोत, त्यात कधी खंड नाही. "तोंडाची वाफ आत राहिली तर लाकूड सडते, भाऊ," असं मला सांगायचे, आणि सांगता सांगता मिशरीची डबी उघडून बोट हिरड्यांवर फिरवायचे.

काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "त्या नळीचे इतके लाड करता. तोंडाचे कधी केले का?"

मास्टरांनी पुन्हा मिशरीची डबी उघडली. त्यांचे दात काळवंडले होते. मी "हसा, मास्टर" म्हटलं की त्यांचा हात आपोआप तोंडावर जायचा. मग समोरचे दात हलू लागले. क्लॅरनेट वाजवताना वरचे दात तोटीवर टेकवावे लागतात. तेच हलायला लागले तर पकड कशी राहणार? एके दिवशी भर मांडवात त्यांचा सूर फाटला. लोकांच्या ते लक्षातही आलं नाही, पण मास्टरांचा चेहरा मी पाहिला.

ते डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी सरळ सांगितलं, "हिरड्या साफ करून घ्या, मिशरी सोडा, सकाळ-रात्र ब्रश करा आणि दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. बरेच दात वाचतील. चमकणार मात्र नाहीत."

मास्टरांना नेमके चमकणारेच हवे होते. मुलीचं लग्न ठरलं होतं. एकुलती एक लेक. माझ्या स्टुडिओत बसून ती त्यांना म्हणाली होती, "पप्पा, माझ्या शादीच्या फोटोत खुलके हसायचं. हात नाही लावायचा. प्रॉमिस?"

तेव्हा बाहेरगावाहून येऊन एक जण दातांचं काम करायचा. त्यानं सांगितलं, "दोन चकरांत हिरो करून देतो." सडलेल्या हिरड्यांकडे त्यानं पाहिलंच नाही. हलणाऱ्या दातांच्याच आधारानं त्यानं पांढऱ्याशुभ्र कॅपांची एक ओळ बसवून दिली.

लग्नात मास्टर हसले. इतकं मोकळं, इतकं लहान मुलासारखं, की लेक नवऱ्याकडे बघायचं सोडून बापाकडेच बघत राहिली. तो फोटो मी काढला आहे. त्या हसण्यात खोटं काहीच नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

पुढच्या लग्नसराईत फोपनारला वरात होती. केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता, पुढं नाचणारी पोरं. मास्टरांनी वरचा सूर घेतला आणि क्लॅरनेट एकदम मुकं झालं. त्यांनी ओंजळ तोंडापाशी नेली. कॅपांची सबंध ओळ हातात आली होती, तिच्याबरोबर त्यांचे स्वतःचे दातही, आणि रक्त. नाचणारे ओरडत होते, "बंद कायले केलं? बजाओ!" मास्टरांनी खिशातलं फडकं काढलं. आधी तोटीवरचं रक्त पुसलं. मग तेच फडकं तोंडाला लावलं.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "जे राहिलंय ते सांभाळू," एवढंच म्हणाल्या. वरचे उरलेले दातही काढावे लागले. खालचे मात्र नेमानं साफ करत करत वाचले. वर कवळी आली.

बरेच महिने मास्टर बँडच्या खोलीकडे फिरकले नाहीत. गल्लीत तालीम चालायची आणि ते घराची खिडकी लावून घ्यायचे. मी भेटायला गेलो की इकडचं तिकडचं बोलायचे. वाजवण्याचा विषय काढला की म्हणायचे, "मले आता फक्त चहा फुंकता येतो, भाऊ."

मग एका दुपारी त्या बंद खिडकीतून क्लॅरनेट ऐकू आलं. कापरं, मधेच घसरणारं. कवळी हलायची, ते थांबायचे, पुन्हा धरायचे. खालचे सूर हळूहळू परत आले. वरचे आलेच नाहीत. मास्टरांनी पुढची जागा आपल्या शिष्याला दिली आणि स्वतः मागच्या रांगेत उभं राहून त्याला साथ करू लागले. ज्या माणसासाठी तारखा बदलत, तो मागं उभा राहिलेला पाहून मला वाईट वाटायचं. त्यांना विचारायचा धीर मात्र मला कधी झाला नाही. तपासणीचा दिवस असला की ते सकाळीच धुतलेला सदरा घालून निघायचे. "दुखत नाही तरी जातो," म्हणायचे. "दुखल्यावर गेलो होतो एकदा."

यंदा थंडीत मास्टर झोपेतच गेले. सकाळी मी पोहोचलो तेव्हा लेक सासरहून आली होती. वडिलांचा तो आत गेलेला वरचा ओठ तिला बघवेना. "आई, पप्पांना दात लाव ना," ती म्हणाली. "असे कसे पाठवायचे त्यांना?"

काकूंनी वाटीतल्या पाण्यातून कवळी काढली. ब्रश घेऊन मोरीपाशी बसल्या आणि एकेक दात घासला. अंगणात तिरडी तयार होती, माणसं खोळंबली होती, पण कोणी घाई केली नाही. त्यांनी मास्टरांची हनुवटी धरून तोंड उघडतं का पाहिलं. जबडा घट्ट मिटला होता. पुन्हा एकदा पाहिलं. मग पदरानं त्यांचे ओठ पुसले.

"राहू दे, माय," त्या लेकीला म्हणाल्या. "तिथं कुठं त्यांना वाजवायचं आहे?"

कवळी त्यांनी पदराच्या टोकाला बांधली आणि उचलणाऱ्यांना वाट करून दिली.