सोहेलचे हत्ती आणि सुगराचाचीची दुलई

सोहेल परकारला 'नाही' म्हणता येत नाही. कतारच्या हमद पोर्टवर उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसून हा गडी कंटेनर असा अलगद टेकवतो, की आतल्या काचेच्या बरणीलाही कळू नये. पण खाली उतरला, की कुणीही याच्या डोक्यावर काहीही ठेवावं. चौदा वर्षांच्या रजा अशाच गेल्या. एक मेहुणीच्या लग्नात, एक दापोलीच्या घराची कौलं परतण्यात, एक तर शेजाऱ्याच्या विहिरीत. खणण्यात, म्हणजे.

फुटबॉल वर्ल्ड कप कतारला होता, त्या वर्षी जानेवारीत त्याच्या कंपनीनं नोटीस लावली: साचलेली रजा आत्ताच घ्या, नंतर स्पर्धा संपेपर्यंत कुणाला मिळणार नाही. दोह्याजवळ मुऐदरला माझ्या खोलीवर लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. सोहेलही आला.

"कारण काय लिहू?"

"घरगुती लिहा, ताई."

"आणि खरं?"

दाराकडे बघत तो हळूच म्हणाला, "हत्ती."

पोर्टच्या गेटवर पहाऱ्याला असलेला ओकेलो त्याचा दोस्त, उत्तर युगांडाचा. त्याच्या गावाहून जीपनं काही तासांवर किडेपो नावाचं जंगल. "तिकडं टुरिस्ट फिरकत नाहीत, जनावरं फिरतात," असं तो तीन वर्षं डबा खाताना सांगत होता. आता दोघांनाही एकदम रजा मिळणार होती.

"आबिदाला सांगितलंस?"

"ती म्हणेल, घर सोडून जंगलात काय ठेवलंय? रजा मिळाली नाही म्हणून सांगितलंय."

"अरे, एवढ्या उंचीवर बसतोस आणि बायकोला घाबरतोस?"

"क्रेनला ब्रेक असतो, ताई."

मी भडकले. रजा तुझी, घाम तुझा, मग चोरासारखा का जातोस? पण बोलून उपयोग नव्हता. 'घरगुती' लिहून दिलं.

आमच्या लोकांत कुणाची रजा मंजूर झाली, की बातमी त्याच्याआधी विमानतळावर पोचते. संध्याकाळी सोहेलच्या खोलीवर रांग. "गावी चाललास ना? मग एवढं ने रे." सुगराचाचीनं लेकीसाठी गुलाबी दुलई दिली. कुणी दूध पावडर, कुणी बाम, कुणी टॉर्च. गावी चाललो नाही म्हणावं, तर तासाभरात आबिदाला कळणार. म्हणून त्यानं सगळं घेतलं. मीसुद्धा आईसाठी गुडघ्याचा पट्टा दिला. तो कुठं चाललाय ते मला चांगलं ठाऊक होतं! सवय हो, दुसरं काय.

दापोलीचं सगळं सामान असं युगांडाला उतरलं. तीन फुगलेल्या बॅगा बघून ओकेलोच्या आईला भरून आलं. पाहुणा एवढं घेऊन आला! तिनं सरळ बॅगा उघडल्या. दुलई स्वतः पांघरली, दूध पावडर शेजारणींत वाटली. माझा पट्टा एका म्हाताऱ्यानं गुडघ्याला बांधून अंगणात चालून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोहेल काय करणार? त्यानंही वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी किडेपो. एक जीप, बंदूकवाला एक गार्ड आणि हे दोघं. बाकी चिटपाखरू नाही असं मी म्हणणार होते, पण पाखरंच पाखरं होती. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत रानरेडे. आणि राहायच्या झोपडीमागं, चिंचेच्या झाडाखाली, हत्ती. सोहेल फोटो काढायला थोडा उंचावर चढला. नेमकी तिथं रेंज होती. फोन वाजला.

"सुगराचाचीची लेक दुलई न्यायला सकाळपासून आपल्या पडवीत बसलीय," आबिदा म्हणाली. "कुठं आहात तुम्ही?"

"ड्यूटीवर."

तेवढ्यात हत्ती ओरडला.

"क्रेन कधीपासून असली बोंबलायला लागली?"

सोहेल दगडावर बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं, दुलईसकट. मग आबिदा म्हणाली, "व्हिडिओ लावा."

सगळी पडवी फोनवर वाकली. "पिल्लू कुठं गेलं? ते बघा, आयशीच्या पोटाखाली!" अशी दहा मिनिटं गेली. शेवटी आबिदाचा चेहरा स्क्रीनवर आला.

"मी जंगलाला नको म्हणेन, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कधी विचारलंत?"

फोन बंद.

परत आल्यावर सुगराचाचीच्या शिव्या खाऊन सोहेलनं नवी दुलई आणली. ते सोपं होतं. आबिदा मात्र महिनाभर बोलली नाही. फक्त रोज एक मेसेज: पिल्लाचा अजून एक फोटो पाठवा. मग एका शुक्रवारी सोहेल नवा अर्ज लिहून घ्यायला आला. वर्ल्ड कप संपल्यानंतरच्या रजेचा, दहा महिने आधी.

"कारण?"

"खरं लिहा. बायकोला हत्ती दाखवायचे आहेत."

मी शब्दाला शब्द तसंच लिहिलं. हसू दे ऑफिसातल्या बाबूला, त्याच्याकडं मी बघते.

कागद घडी घालून तो निघाला, तसं मी म्हटलं, "सोहेल, आईचा तो पट्टा राहिला रे. जाता जाता तेवढा—"

"नाही," सोहेल म्हणाला. आणि स्वतःच दचकला.