तळाशी गेलेला मासा

लोणावळ्याजवळच्या एका धरणावर कारकून असताना मी वैशाखात एका म्हाताऱ्याच्या होडीतून गळ टाकायला जाई. वरचं पाणी तापलं की शिवडा मासा गारव्याला तळाशी जातो. समोरच्या दोन डोंगरांचे सुळके एका रेषेत आले की म्हातारा होडी उभी करी, गळाची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधी आणि खुशाल डुलकी काढी.

"आबा, नेमकी हीच जागा कशी सापडते?" मी एकदा विचारलं.

"हितं आमची हीर व्हती," एवढंच म्हणून तो मासा ओढू लागला.

परतताना मध्येच त्यानं वल्ही थांबवली.

"सायेब, वाईच बूट काढा. खाली देऊळ हाय."

तो स्वतः अनवाणीच होता. मी बूट काढले. देवळावर आमच्या धरणाचं तीस हात पाणी होतं.