कौतिकचे चार माग आणि पाणबुडीचं रबर

कौतिक माझा शेजारी. आमच्या दोघांत एक सामाईक भिंत आणि माझे एकवीस तक्रारअर्ज. भिंतीपलीकडे त्याचे चार पॉवरलूम, अलीकडे मी, निवृत्त मास्तर, डोकं धरून बसलेला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. त्याच्या मुलीला, मोनालीला, एक स्थळ आलं होतं. नकार द्यायचा हे घरातल्या घरात ठरलं, पण पाहुण्यांना ते तापीवरच्या राजघाटावर उभ्या उभ्या कळलं. कान मात्र तयार. चारही माग चालू असताना तिसऱ्यावरची सुताची एक तार तुटली तरी भरल्या ताटावरून उठून जाणार. एवढं ऐकणाऱ्या माणसाला माझी ओरड तेवढी वीस वर्षांत ऐकू आली नाही.

एकविसावा अर्ज लागू पडला. आवाज कमी करा, नाहीतर माग बंद करा, अशी नोटीस त्याला आली. मी जिंकलो म्हणून पाव किलो मावा जिलबी आणली आणि एकट्याने खाल्ली.

तेवढ्यात त्याचा भाचा रितेश टेम्पो घेऊन हजर. हा पाणबुड्यांसाठी रबरी लाद्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. तपासणीत नापास झालेल्या लाद्या मामासाठी उचलून आणल्या होत्या. ओट्यावर बसून त्याने आम्हा दोघांची शिकवणी घेतली. शत्रूचं जहाज पाण्यात आवाज सोडतं, तो आपटून परत आला की पाणबुडी सापडते. या लाद्यांच्या पोटात बारीक बारीक पोकळ्या असतात, त्यात आवाज जिरतो. पुढे येणारं मटेरियल तर आवाजाला अंगावरून वळवून पलीकडे सोडून देईल, तापीचं पाणी खडकाला वळसा घालून जातं तसं. इथे पाणबुडी आहे हे समुद्रालाही कळायचं नाही.

"आन आपल्याच लोकायले ती शोधायची असली तं?" कौतिकने विचारलं.

"मामा, उसी पे तो रिसर्च चालू आहे," रितेश म्हणाला आणि चहा मागितला.

लाद्या पाण्यासाठी केलेल्या. हवेत त्या काय करतील हे कुणी तपासलं नव्हतं. कौतिकने त्या चारी भिंतींना, छताला आणि दाराला ठोकल्या. दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले आणि मला काहीच ऐकू आलं नाही. खोटं कशाला बोलू, दोन दिवस स्वर्गात होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या पोटाची गुडगुड ऐकत दुपार काढली. चौथ्या दिवशी वीज गेल्याचं दोन तास कळलं नाही, कारण आजवर ते मागच थांबून सांगत.

पाचव्या दिवशी वीज कंपनीचे यादव साहेब आले. मागवाल्यांना विजेच्या दरात सवलत असते, पण फक्त चालू मागांना. चालू कोणते, हे साहेब मोटरसायकलवरून न उतरता कानाने तपासत. कौतिकच्या दारापुढे त्यांनी इंजिन बंद केलं, कान टवकारले आणि शेरा मारला: माग बंद, सवलत रद्द. सवलत गेली तर दोन महिन्यांत चारही माग भंगारात जाणार, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.

कौतिक धावत बाहेर आला. "साहेब, चालू हायेत. आत येऊन पाहा."

"अंदर आऊँगा तो आप बोलोगे चालू, और ऊपरवाले बोलेंगे मुझे देखकर चालू किये. सबूत बाहर से लगता है."

कौतिकने दार सताड उघडलं. गल्लीभर खडखडाट झाला.

"ये तो रेकॉर्डिंग भी हो सकती है," साहेब म्हणाले.

कौतिकने दार लावलं आणि ओट्यावर उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा हळू बोलला. "मास्तर, तुम्ही सांगा ना. तुमचं त्या नोटीसवाल्या लोकायनं ऐकलं होतं."

खरं बोला म्हणून मी पोरांना पस्तीस वर्षं छड्या मारल्या आहेत. मी म्हणालो, "साहेब, आवाजाने जीव नकोसा झालाय. माझी बाविसावी तक्रार लिहून घ्या."

साहेबांनी माझ्या खोलीत येऊन भिंतीला कान लावला. त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती.

"मुझे तो कुछ नहीं आ रहा."

"तुम्हाला सवय नाही," मी म्हणालो. अर्जावर सही करताना मला रडू येत होतं. साहेबांना वाटलं, आवाजाच्या त्रासाने.

ज्या मागांचा त्रास होतो ते बंद कसे असतील, या न्यायाने सवलत परत मिळाली. पाठोपाठ माझ्याच तक्रारीवरून कौतिकला आणखी एक नोटीस आली: आवाज रोखण्यासाठी भिंतींना योग्य अस्तर लावावे. त्याने उत्तर पाठवलं, लावले आहे. प्रकरण निकाली निघालं.

त्याच दिवशी चहाच्या वेळेला तो पटाशी घेऊन आला. "तुमच्या अंगाच्या भिंतीची एक लादी काढतो मास्तर. माह्यासाठी तुम्हाले पुन्हा खोटं बोलायला नको." पलीकडे जाऊन त्याने लादी उचकटली. भिंतीतून एका मागाची बारीक खटखट येऊ लागली.

"बस एवढं?" तो पलीकडून ओरडला.

"अजून एक काढ," मी म्हणालो.